तेल भरून दिलेला खेळ

आप्पा, आज मी आपलं देऊळ दुसऱ्यांच्या पाळीत पाहून आलो. गावातलं नव्हे. ते गावातच आहे, आणि यंदा धाकट्या काकांच्या मुलाकडे त्याची पूजा आहे. मी म्हणतोय ते पडद्यावरचं देऊळ. तुम्हाला त्यातलं काहीच माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

तुम्ही गेलात तेव्हा मी म्हैसूरला नुकताच आलो होतो, आणि माझं काम नेमकं काय हे तुम्हाला कधी नीट सांगता आलं नव्हतं. आता ते आणखी अवघड झालंय. आम्ही खेळ तयार करतो. मोबाइलवर, कॉम्प्युटरवर खेळायचे. बोगादीत एका घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, दहा-बारा माणसं आहेत, आणि माझ्या बरोबरीनं ते चालवणारी माझी भागीदार इथलीच, कन्नड घरातली, माझ्याहून पुष्कळ लहान आणि हिशेबाला माझ्याहून पुष्कळ पक्की. तिथं आम्ही एक खेळ केला. एक गाव, गावात महादेवाचं देऊळ, आणि खेळणाऱ्याकडे वर्षभराची पूजा. विहिरीचं पाणी आणायचं, गाभारा झाडायचा, बेल आणायचा, वाती वळायच्या, दिव्यात तेल घालायचं. माणसं येतात, देवापुढे उभं राहून आपलं दुखणं सांगतात, आणि कोपऱ्यात वात सारखी करत बसलेल्या आपल्याला ते ऐकू येतं. एवढाच खेळ. तो कोपरा तुमचा आहे, हे ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

पुस्तकांना प्रकाशक असतात तसे खेळांनाही असतात. ते आधी पैसे लावतात, जाहिरात करतात, देशोदेशी खेळ पोचवतात आणि विक्रीतला वाटा घेतात. आमच्या प्रकाशक कंपनीचा माणूस पुण्याचा निघाला, त्यामुळे बोलणं मराठीत झालं. त्यानं पहिलाच प्रश्न तुम्ही विचारला असतात तोच विचारला.

"सर, यात जिंकतं कोण?"

"कोणीच नाही. दिवा विझू द्यायचा नाही."

"आणि विझला तर?"

"परत लावायचा."

तो थोडा वेळ खेळला. मग म्हणाला, "बाकी सगळं पटलं, पण देवळात रांग आहे आणि रांगेत भांडण नाही, हे कोणाला खरं वाटणार?" त्याचं बरोबर होतं. आम्ही भांडणं घातली. सगळ्यात चांगल्या भांडणातले शब्द आईचे आहेत. तुम्ही खेळला असतात तर लगेच ओळखले असतेत.

खेळ चालला. फार मोठा नाही, पण ज्यांना आवडला त्यांना मनापासून आवडला. महादेव कोण हे ज्यांना ठाऊक नाही अशा परक्या मुलखातल्या माणसांनी लिहून कळवलं की दिवसभराच्या कामानंतर आम्ही इथं येऊन वात लावतो. मग कंपनीनं दुसऱ्या भागाची गोष्ट काढली. आणि नुसता दुसरा भाग नव्हे. या धंद्यात आता सुटा खेळ कोणाला नको असतो. एक चालला की त्याचा दुसरा, तिसरा, त्यावरून मालिका, बाहुल्या, कपडे. याला ते फ्रँचायझी म्हणतात. दुसरा भाग करायला मोठ्या शहरातली दुसरी टोळी घेणार, कारण आमच्या दहा-बारा माणसांच्यानं ते व्हायचं नाही. मला पटलं. मी त्या पुण्याच्या मुलाला व्हिडिओवर म्हणालो, "बरं आहे, आता पुढचं तुम्ही सांभाळा."

आप्पा, चूक इथं झाली, आणि ती आपल्याच घरातला माणूस करू शकतो. कराराचा मसुदा आला. त्यात लिहिलं होतं की खेळाचं नाव, ते गाव, ती माणसं, तो दिवा, सगळं कायमचं त्यांचं, सगळ्या देशांत, आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या सगळ्या माध्यमांत. मी ते वाचत राहिलो आणि मला कळेना की हे 'कायमचं' कुठून आलं.

"सर, तुम्हीच हो म्हणालात की," भागीदार म्हणाली.

"मी सांभाळा म्हणालो."

"मग? सांभाळा म्हणजे काय? घ्या, असंच ना?"

आपल्याकडे देवळाची पूजा चार घरांत फिरायची. पाडव्याला पाळी बदलायची. 'आता तुम्ही सांभाळा' हे तुम्ही दर खेपेला म्हणायचात, आणि देव कोणी विकत घेतलाय असं ऐकणाऱ्याच्या स्वप्नातही यायचं नाही. फिरून येणारच, हे त्या शब्दांच्या पोटातच होतं. मी ते शब्द इथं आणून टाकले आणि समजलो की पोटातलं सगळं त्यांच्याबरोबर आलंय.

मी पाडव्याची सकाळ आठवत बसलो. तुम्ही गाभाऱ्यात आहात. भांडी घासून उंबऱ्याशी उपडी मांडली आहेत, किल्ली ताटात आहे. धाकटे काका सोवळं नेसून बाहेर उभे आहेत. दिवा पेटता द्यायचा आणि तेलानं काठोकाठ भरून द्यायचा, ही रीत. पहिल्या दिवसाचं तेल जाणाऱ्याचं. येणाऱ्यानं देवळात पाऊल ठेवल्या ठेवल्या तेलाची काळजी करू नये म्हणून. तुम्ही तेल ओतताय, आणि काका म्हणतात, "आप्पा, सांडेल, बास." तुम्ही म्हणता, "सांडू दे. नंतर म्हणशील, कमी दिलं." दोघंही हसत नाहीत. मग तुम्ही बाहेर येता, चपला घालता आणि त्या क्षणापासून इतरांसारखे रांगेत उभे राहता.

त्याच वर्षी काकांनी गाभाऱ्याच्या चौकटीवर लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ लावली. लाल, हिरवी, पिवळी. लग्नाच्या मांडवाला लावतात तसली. पहिल्या सोमवारी आपण दर्शनाला गेलो आणि महादेवाच्या पिंडीवर लाल-हिरवा उजेड पळत होता. मी म्हणालो, "आप्पा, सांगा की त्यांना काढायला."

"पाळी कुणाची आहे?" तुम्ही विचारलंत.

"त्यांची."

"आपण तेल भरून दिलं का?"

"दिलं."

"मग आपलं काम झालं. तीर्थ घे आणि चल."

तुम्ही काकांपुढे हात केलात, तीर्थ घेतलंत, बोटं डोळ्यांना लावलीत. एक शब्द नाही. घरी आलात आणि थेट चुलीमागची पितळेची भांडी काढलीत. चिंच, मीठ, राख. घागर, तांबे, ताम्हण, जे हाताला लागेल ते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. "देवळात तोंडाला कुलूप," ती म्हणाली, "आणि इथं माझ्या तांब्यांचा जीव घेताय. त्यांनी कुठं माळ लावली होती?"

पाळी फिरून आपल्याकडे आली तेव्हा मला वाटलं, पहिली ती माळ जाणार. तुम्ही ती उतरवलीत खरी, पण गेलेले बल्ब स्वतः बदलून घेतलेत, घडी करून देवळाच्या पेटीत ठेवलीत आणि महाशिवरात्रीला परत लावलीत. मी विचारलं तर म्हणालात, "पोरं येतात ती बघायला." मला तेव्हा ते पटलं नव्हतं.

तर मी भागीदाराला म्हणालो की आपण कायमचं द्यायचं नाही, पाळीनं द्यायचं. काही वर्षं त्यांची, मग परत आपल्याकडे. आणि परत येताना भरून यायचं: त्यांनी दुसऱ्या भागात जे केलं असेल, गावं, माणसं, चित्रं, तेही खेळाबरोबर परत. आणखी एक, दिव्याचं तेल खेळात विकायचं नाही. हल्लीच्या खेळात छोट्या छोट्या गोष्टी खरे पैसे देऊन घ्यायला लावतात. बाकी काय विकायचं ते विका, पण तेलावाचून कोणाचा दिवा विझता कामा नये.

ती कन्नडमध्ये म्हणाली, त्याचं मराठी असं: "सर, तुमच्या गावच्या देवळाचा नियम कंपनीच्या मुंबईच्या वकिलाला समजावणार कोण? आणि ते नाही म्हणाले, सोडून गेले, तर? बाहेरच्या हॉलमधली मुलं घरी पाठवायची?" तिची भीती खोटी नव्हती. कंपनीच्याच पैशावर चाललेला आमचा दुसरा एक नवा खेळ अर्धवट होता आणि कंपनीनं हात काढला असता तर ऑफिस दिवाळीपर्यंतही टिकलं नसतं. मी देवाचं कारण पुढं करून दहा घरांच्या चुलीशी खेळतोय की काय, हे मला रोज वाटायचं. मी म्हणालो, एकदा विचारून पाहू. नाही म्हणाले तर आहे त्या मसुद्यावर सही करीन. हे म्हणताना मी मनातून खेळ देऊन टाकला होता, खरं सांगतो.

पत्र तिनंच लिहिलं. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी चांगलं. 'पाळी' हा शब्दही तिनं तसाच ठेवला आणि पुढं दोन ओळीत अर्थ लिहिला.

उत्तर लवकर येईना. मी सोमवारी अग्रहारात, इथल्या जुन्या वस्तीत, जातो. माझं सासर तिकडचं, त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर महादेवाचं छोटंसं देऊळ आहे, आणि तिथं मी कोणी नसतो, फक्त रांगेतला एक. हे मला आवडतं. त्या सोमवारी खिशातला फोन थरथरत होता आणि मी तो काढला नाही. तीर्थ घेऊन बाहेर आलो तर समोर भागीदार स्कूटरवर, हेल्मेट हातात, घाम पुसत.

"फोन कशाला ठेवता, सर? विकून टाका," ती म्हणाली. "बोगादीहून आले मी. सोमवार म्हणजे इथंच असणार, एवढं तरी कळतं मला."

"काय झालं?"

"पाळी मान्य," ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून मराठीतच आला. "आठ वर्षं. तेलाचंही मान्य. वकिलानं विचारलंय की तेल तिळाचं की खोबरेल, करारात लिहायचं का. चेष्टा करतोय."

मी देवळाच्या पायरीवरच बसलो. ती शेजारी बसली, प्रसादातलं अर्धं केळं माझ्याकडून घेतलं आणि खाता खाता म्हणाली, "मी दोन दिवस जेवले नाही नीट. तुमच्या आप्पांना सांगा." मी तिला तुमच्याबद्दल कधी बोललो होतो ते मला अजून आठवत नाही. पुण्याच्या मुलानं नंतर सांगितलं की असे मुदतीचे करार या धंद्यात असतातच, कोणी मागितलं तर देतात. बहुतेक लोक मागतच नाहीत. मी इतके दिवस उगाच घाबरलो होतो तर. पण त्या उगाच घाबरण्यानंतरची ती पायरी, ते ऊन, समोरच्या दुकानात मोगरा मोजणारी बाई, हे सगळं मला इतकं हलकं वाटलं, की पुढं पुष्कळ दिवस ते पुरलं.

मग आम्ही द्यायची तयारी केली. सगळी चित्रं, आवाज, कुठली घंटा कधी वाजते, विहिरीचा रहाट किती कुरकुरतो, कोणती म्हातारी कोणत्या वारी येते. मुलं म्हणाली, करारात एवढं द्यायचं लिहिलेलं नाही. मी म्हणालो, काठोकाठ द्या.

आणि आज त्यांनी दुसऱ्या भागाची पहिली आवृत्ती दाखवली. ऑफिसात सगळे पडद्यासमोर जमले होते. गाव मोठं झालंय. नदी आलीय, घाट आलाय, पूर येतो तेव्हा देव वरच्या देवळात न्यावा लागतो; हे मला कधी सुचलं नसतं आणि फार सुंदर आहे. दिव्याचं तेल फुकट आहे. कोपऱ्यात वात करणारा माणूस अजून तिथंच आहे, फक्त त्याला मिशा दिल्यात. आणि शिखरावर, आप्पा, रंगीत दिव्यांची माळ आहे. लुकलुकणारी. ती खरे पैसे देऊन विकत घेता येते, सात रंगांत.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पडद्यावरून पुण्याच्या मुलानं विचारलं, "कसं वाटलं, सर?"

मी म्हणालो, "घाट छान झालाय."

खरोखर छान झालाय. आणि माळेचंही मला दुःख नाही. आठ वर्षांनी ती फिरून येईल, मग पाहू पेटीत ठेवायची की लावायची. पोरं येतीलही ती बघायला. येताना बसमध्ये मी डोळे मिटून बसलो होतो आणि बऱ्याच काळानं माझ्या डोक्यात त्या खेळाचं काहीही चाललेलं नव्हतं.

हे लिहून झालं की देव्हाऱ्याच्या खणात वातींच्या डब्याखाली ठेवीन. तुम्हाला पोचायचं असेल तर तिथूनही पोचेल, नाहीतर राहील तिथंच. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. मघाशी घरी आलो, हातपाय धुतले आणि देवाची सगळी भांडी काढून मोरीशी बसलो. चिंच, मीठ. तुमची सून अग्रहारातली, तिच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. उगाच म्हणायचं असलं की सुम्ने म्हणते. ती दारात येऊन उभी राहिली.

"सुम्ने कशाला घासता? काल तर घासलीत."

"उद्या सोमवार आहे ना," मी म्हणालो.

"सोमवार आज आहे," ती म्हणाली, आणि जराशानं आत जाऊन आणखी चिंच घेऊन आली.

तिथं ऑफिसात माळेबद्दल मी एक शब्द बोललो नाही, आप्पा. समई मात्र इतकी लख्ख झालीय की तिच्यात माझं तोंड दिसतंय.