आत्याबाईंनी घेतलेली परीक्षा

९ नोव्हेंबर

ती. मामा,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण कंबर धरली आहे, उभ्यानेच केलेला स्वीकारावा. एवढे महिने पत्र नाही याची क्षमा मागते. सवड नव्हती असं लिहिणार होते, पण ते खोटं. सवड होती, धीर नव्हता. तुमचे गुडघे कसे आहेत? मामींना अजून पेशंटसारखं "खाजवू नका" म्हणून दम भरता का?

आमच्या संशोधनशाळेचं तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्ही जन्मभर माणसांचा कुष्ठरोग बरा केलात, मी माकडांना तो मुद्दाम देते, घराण्याची कीर्ती अशीच वाढते). हे जंतू काचेच्या बशीत वाढत नाहीत, म्हणून माकडं. काहींना लागण केलेली, काही तुलनेसाठी निरोगी ठेवलेली. निरोगींत एक म्हातारी माकडीण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला नखशिखान्त न्याहाळते, म्हणून सगळे तिला आत्याबाई म्हणतात. स्पर्श कळतो का, हे आम्ही तुमच्याच पद्धतीने बघतो: हळूच कापूस लावायचा, माकडाने त्या जागी बोट ठेवलं की शेंगदाणा. (एवढी मेहनत पोटच्या मुलांवर घेतली असती तर ती आज ताट तरी उचलती.)

गेल्या महिन्यात नेमके आत्याबाईंच्या कानात जंतू सापडले. निरोगी माकडाला रोग आला कुठून? संशय पिंजरे धुणाऱ्या नानांवर गेला, की त्यांनी माकडांची अदलाबदल केली. नाना मला म्हणाले, "बाई, मी नातवंडांची नावं चुकतो, माकडं नाही चुकत." मी त्यांची बाजू घेतली. तेव्हा ते सोपं होतं.

परवा आत्याबाईंनी माझ्या हातातला कापूस हिसकला. मी नानांशी बोलण्यात गुंतलेले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बाई, बोट लावा की. कधीची वाट बघतेय ती." वळून पाहिलं तर आत्याबाई गजांतून हात काढून माझ्या उघड्या मनगटावर कापूस फिरवत होत्या. मला काहीही कळलं नव्हतं. नापास मुलीकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शेंगदाणा स्वतः खाल्ला.

मामा, तिथे एक फिकट चट्टा आहे. घड्याळाचा पट्टा काचत असेल म्हणून मी नुसते पट्टे बदलत आले. आणि आत्याबाईंना लाडाने भरवताना हातमोजे काढते ती मीच. (एका चट्ट्याचा माणूस सहसा कुणाला रोग देत नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही वस्त्यांमध्ये तेच सांगते: लपवू नका, गोळ्यांनी बरा होतो. फार छान सांगते. लोक टाळ्या वाजवतात.)

आपलं आपल्याला तपासता येत नाही, म्हणून घरी ह्यांना म्हटलं, मी डोळे मिटते, तुम्ही हळूच कापूस लावा. हे आधी उठून दार लावून आले. मग मीच डोकं दुखतंय सांगून सुटले.

नानांना ठेवायचं की काढायचं, ते आमच्या संशोधनशाळेच्या मोठ्या बाई उद्या ठरवणार आहेत.

तुमची भाची

ता. क. खरं मागणं हे, की "साधा चट्टा आहे, घाबरू नकोस" असं न बघताच लिहून पाठवा.

ता. क. आणखी एक. वरचं मागणं रद्द. तुम्ही तसं लिहिलंत तर मी विश्वास ठेवेन, आणि तोवर नाना घरी बसलेले असतील.

उद्या: नानांना आत बोलावण्याआधी मोठ्या बाईंना मनगट दाखवणे.