वाढपी गावचाच लागतो

आई, मागच्या आठवड्यात आपल्या गावच्या यात्रेची पंगत झाली आणि तिच्यात वाढायला कॉलेजची मुलं होती. तू गेल्यापासून गावात बरंच काही झालं, ते सगळं सांगत बसत नाही. रस्ता रुंद झाला, महाळुंग्याकडच्या कंपन्या आपल्या शिवेला येऊन टेकल्या, आणि ज्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना तू जेवू घातलंस त्या कॉलेजची दुसरी इमारत उभी राहिली. तुझी नात आता तिथेच तिसऱ्या वर्षाला आहे. हे सगळं तुला कुणीही सांगितलं असतं. पंगतीचं मात्र मलाच सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलो तर तो म्हणेल, यात सांगण्यासारखं काय आहे.

सुरुवात हॉस्टेलवरून झाली. कॉलेजला मुलींसाठी मोठं हॉस्टेल बांधायचं आहे. जागा आपल्या गावात बघून ठेवलेली, पण संस्थेतल्या काही लोकांनी काढलं की इथे कशाला, शहरालगत वाकडला बांधू आणि तिथून बस लावू. मुलींना तिकडेच राहायचं असतं, गावात त्यांचं मन लागत नाही. हे खोटं नाही. आपल्याकडे पोरं सोमवारी बॅग घेऊन येतात आणि शनिवारी दुपारी गाव ओस पडतं. गावाशी त्यांचा संबंध म्हणजे खोलीभाडं, झेरॉक्स आणि वडापाव. मागच्या वर्षी एक मुलगा तापाने खोलीत पडून होता, आणि खालीच राहणाऱ्या घरमालकाला ते कळलं मुलाचे वडील गावाकडून आले तेव्हा. घरमालक वाईट माणूस नाही. त्याला वाटलं, पोरगं अभ्यास करतंय, कशाला त्रास द्या. अशा चांगुलपणानेच आपलं गाव रिकामं होत चाललं आहे. हॉस्टेल एकदा वाकडला गेलं की मागोमाग सगळंच जाणार, आणि इथे राहणार ते कंपन्यांचे कंटेनर आणि भाड्याने देण्याची पाटी लावलेले मजले. मला ते नको होतं. माझं मशीन शॉप इथे आहे, माझी मुलगी इथे शिकते, आणि हे गाव कधीतरी माणसांचं गाव व्हावं असं मला वाटतं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये मीटिंग बोलावली. मला बोलावणं होतं, कारण यात्रा कमिटीचा अध्यक्ष माझ्याच वर्गातला, आणि शिवाय कॉलेजची पोरं प्रोजेक्टचे पार्ट करायला माझ्या मशीनवर येतात हे त्याला माहीत आहे. एक जण म्हणाला, वेशीवर एलईडीची कमान करू. दुसऱ्याला गावाच्या नावाची मोठी अक्षरं उभी करायची होती, पुढे लाल बदाम, म्हणजे पोरं फोटो काढतील. तिसऱ्याने 'एज्युकेशन हब' असा फ्लेक्स सुचवला. मागून कुणीतरी म्हणालं, "हब झाल्यावर पाणी कुठनं आणनार, राव? आत्ताच टँकरवर हाय." सगळे हसले. हसणं थांबल्यावर मी म्हणालो, "पोरांना यात्रेत वाढायला उभं करा."

अध्यक्ष म्हणाला, "भाऊ, नाइट शिफ्ट करून आलायस का? आपण हॉस्टेलचं बोलतोय."

मी म्हणालो, मीही हॉस्टेलचंच बोलतोय. दरवर्षी आपण पोरांना पहिल्या पंगतीला बसवतो, मानाने, पाहुणे म्हणून. पाहुणा काय करतो? जेवतो, हात धुतो आणि जातो. कॉलेज आल्यापासून आपण त्यांना पाहुणेच ठेवलं, आणि वर विचारतो, राहत का नाहीत.

हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, हे तुला सांगायला नको. बाबांची कंपनी बंद पडली आणि तू घरात मेस सुरू केलीस तेव्हा मी दहावी होऊन घरी बसलेला. मेसमध्ये महिनाभर जेवलेल्या प्रत्येक पोराला तू एका रविवारी वाढायला उभं करायचीस. फी भरून जेवणारा पोरगा, आणि तू त्याच्या हातात आमटीची बादली द्यायचीस. मला तेव्हा ते विचित्र वाटायचं, गिऱ्हाइकाकडून काम करून घेतल्यासारखं. एक परभणीकडचा मुलगा होता, लांब हाताचा, खाली मान घालून जेवायचा. दोन चपात्यांवर तिसरी कधी मागायचा नाही आणि वाळत चालला होता. तू त्याला बादली दिलीस. पहिल्या फेरीत त्याने अर्धी आमटी फरशीवर सांडली, पोरांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली, आणि त्या संध्याकाळपासून तो "मावशी, अजून एक" म्हणायला लागला. मी तुला विचारलं, हे कसं काय? कणीक मळता मळता तू म्हणालीस, "ज्यानं चार जनांना वाढलं, त्याला मागायची लाज ऱ्हात न्हाई. त्याला कळतं, मागनारा काय वाईट दिसत न्हाई."

मला मात्र तू वाढू द्यायची नाहीस. एकदा दिलंस, आणि मी भाजीचा डाव प्रत्येकाला सारखा, काठोकाठ भरून, वरून बोटाने सपाट करून वाढत गेलो. मला वाटलं, याहून चोख काम नाही. तू डाव काढून घेतलास आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "तुला मोजता येतं, वाढता येत न्हाई. ताटाकडं बघतोस, मानसाकडं बघ की." मी आठवडाभर तुझ्याशी नीट बोललो नाही. पण आई, मोजता येतं हे तू कबूल केलंस, तेवढं मी उचललं. पोरं वर्ष संपल्यावर पुस्तकं टाकून जायची, त्यातली ड्रॉइंगची पुस्तकं तू बाजूला काढून मला आणून द्यायचीस. दुपारी कुणी लवकर जेवायला आला की त्याला बसवायचीस, "ह्याला येवढं समजावून सांग, तवर चपात्या व्हत्यात." मी लोकांना सांगतो की मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो, आणि ते खरं आहे. ड्रॉइंग वाचणं, मशीनचा प्रोग्राम लिहिणं, टॉलरन्स म्हणजे मापातली सूट कुठे सोडायची आणि कुठे नाही, हे मला कुठल्या वर्गात बसून कुणी शिकवलेलं नाही. चपात्या होईपर्यंत जे कानावर पडलं तेवढं सोडून.

तर मीटिंग. माझं बोलणं झाल्यावर अध्यक्षाचे चुलते उठले. त्यांना तू ओळखतेस, त्यांच्यासमोरून जाताना तू पदर सारखा करायचीस. म्हातारे झालेत, पण आवाज तसाच आहे. म्हणाले, "वाढपी गावचाच लागतो. ही रीत हाय. आळीवार मानसं ठरल्याली असत्यात."

"चार वर्षं राहणारा माणूस गावचा कधी होतो, तेवढं सांगा," मी म्हणालो.

"चार वर्सं म्हसबी ऱ्हाती कुनाच्या गोठ्यात. म्हून ती गावची व्हती व्हय?"

"व्हती की, तात्या," अध्यक्ष म्हणाला, "दूध गावच्याच डेअरीला जातं." त्या हशात विषय पुढे सरकला. संस्थेचे लोक यात्रेला येणार आहेत, त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे, हा अध्यक्षाचा हिशेब. त्याने ठरवून टाकलं, एक वर्ष करून बघू, फिसकटलं तर मांडवाचे बांबू भाऊ एकटा सोडेल.

आळीवार. आई, तो शब्द तुलाही ठाऊक आहे. वाढायला कुठल्या आळीने कुठली पंगत घ्यायची हे आपल्या गावात आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं आहे. आपल्या खालच्या वस्तीची आळी त्यात कधी नव्हती. नको असं कुणी म्हटलं नाही, या असंही कुणी म्हटलं नाही. वस्तीतली माणसं शेवटच्या पंगतीला बसायची, तेवढंच. वस्तीतले काही जण म्हणायचे, आपण त्या देवाला मानत नाही, आपला धम्म वेगळा, मग त्यांच्या पंगतीशी आपलं काय देणंघेणं? तू म्हणायचीस, "देवाचं ज्याचं त्यानं बघावं. पंगत गावाची असती." तरी पुढेपुढे तू जाणं सोडलंस. यात्रेच्या दिवशीही मेस चालू ठेवायचीस, "माजी पोरं जेवायची हायेत" म्हणून. इतक्या पोरांना वाढायला शिकवलंस, पण गावाच्या पंगतीत तुझ्या हातात कुणी कधी बादली दिली नाही. मीटिंगमध्ये मी वस्तीचं काही बोललो नाही. कॉलेजच्या पोरांचंच बोललो. धंद्यात माझा नियम आहे, एका वेळी एकच माप बदलायचं, दोन बदलली तर बिघाड कुठून आला ते कळत नाही. तेव्हा मी स्वतःला हेच सांगितलं.

मग तयारी. पोरांना वाढायला उभं करायचं म्हणजे बादली हातात दिली की झालं, असं नाही. मी त्यांना कॉलेजच्या मैदानात बोलावलं, रिकाम्या बादल्या आणि पत्रावळी घेऊन. मीठ पहिलं, मग भाजी, भात, भातावर आमटी, लापशी सगळ्यांत शेवटी नाही तर आमटीत कालवली जाते. डाव पत्रावळीवर नाही, पत्रावळीच्या जरा वर थांबवायचा. बादली डाव्या हाताला, पुढचा वाढपी तीन पत्रावळी पुढे गेल्याशिवाय मागच्याने निघायचं नाही. लातूरकडची एक मुलगी त्यांची पुढारी होती, चष्मेवाली, भयंकर बोलकी. ती म्हणाली, "काका, हे व्हायव्हापेक्षा अवघड हाय की." मी म्हणालो, व्हायव्हात चुकलात तर पुढच्या वेळी देता येतो, इथे गरम आमटी लोकांच्या मांडीवर पडते. त्यावर तुझी नात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या घरी रोज असंच असतं." मग सगळी हसली आणि मीही थोडा हसलो. शेवटी मी त्यांना म्हणालो, पत्रावळीकडे नाही, माणसाकडे बघायचं. तुझं नाव घेतलं नाही. शिकवताना नाव घ्यायचं राहून जातं.

यात्रेच्या दिवशी मी भट्टीपाशी आहे. मोठी पातेली उतरवायची, बादल्या भरून द्यायच्या, हे काम मी मागून घेतलेलं. पहिली पंगत बसते आणि गडबड होते, कारण बसायची सवय असलेली पोरं उभी आहेत आणि वाढायची सवय असलेली गावची माणसं कुठे उभं राहावं ते न कळून मांडवाच्या कडेला हात बांधून उभी आहेत. लातूरची मुलगी त्यांच्याकडे जाते आणि म्हणते, "दादा, तुम्ही नुसतं उभं राहू नका, पाण्याचं कोण बघतंय?" एक आळीचा प्रमुख पाण्याचा जग उचलतो. संस्थेचे लोक येतात, त्यांच्यातले एक साहेब बाह्या दुमडून मिठाची वाटी मागतात, त्यांना ती मिळते. दुसऱ्या पंगतीपर्यंत लय लागते. एक पोरगा एका आजीला तिसऱ्यांदा लापशी वाढतो, आणि आजी नातवाला ओरडावं तशी त्याला ओरडते. आमच्या घरी ये, म्हणते, तुलाच खायला घालते.

अध्यक्षाचे चुलते त्या पंगतीत बसलेले, भट्टीपासून लांब नाही. आमटीची बादली घेऊन तुझी नात त्यांच्यासमोर आली. ती वाकली आणि त्यांनी पत्रावळीवर आडवा हात धरला. नको म्हणायला नाही, आपल्याकडे म्हातारी माणसं विचारतात तसं विचारायला.

"कुनाची गं तू?"

बादली हातात घेऊन ती तशीच वाकलेली. मला दोघेही दिसत होते. माझ्या हातात दुसरी बादली होती, ती मी खाली ठेवली नाही.

"मेसवाल्या मावशींची नात," ती म्हणाली. "खालच्या वस्तीतली."

ते तिच्याकडे बघत होते. शेजारच्याने जेवणं थांबवलं. मग चुलत्यांनी हात उचलला, पत्रावळीतला भात बोटांनी सारून मध्ये आळं केलं आणि म्हणाले, "वाढ. जरा बेतानं, कडंनं जाती." तिने वाढलं. ते जेवले. जाताना भट्टीपाशी थांबून मला म्हणाले, "आमटीत मीठ कमी हाय." खरं सांगायचं तर कमी होतं.

हॉस्टेलचं अजून कळलेलं नाही. संस्थेचे लोक बघू म्हणून गेले, आणि बघू याचा अर्थ मला या वयात ठाऊक आहे. एका पंगतीने गाव बदलत नाही, पाण्याचा टँकर अजून चालू आहे, आणि लाल बदामाची अक्षरंही होणार असं ऐकतो. पण लातूरच्या मुलीने परवा मला विचारलं की वस्तीत खोली मिळेल का, दोघींना. मी म्हटलं, बघतो, आणि माझं बघतो म्हणजे बघतोच. कमिटीने पुढच्या वर्षीच्या आळ्या नव्याने लावायचं ठरवलं आहे. त्यात आपली असेल की नाही हे अध्यक्ष बोलला नाही, पण मला मीटिंगला ये म्हणाला. या वेळी मी बोलेन.

हे लिहून झाल्यावर कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, हे मला कळतं. लिहिलं अशासाठी की बाकी सगळ्यांना मी तुझ्या नातीचं कौतुक सांगत सुटलोय, कसं ताठ मानेने सांगितलं, म्हणून, आणि ते सांगताना एक गोष्ट गाळतो. चुलत्यांनी विचारलं आणि ती बोलली, त्याच्या मधल्या वेळात मी बादली धरून उभा होतो, आणि मनातल्या मनात तिला म्हणत होतो, कॉलेजची म्हण, बाळा, कॉलेजची म्हण.