अण्णांच्या आठ फळ्या

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं होतील. तुम्ही हयात होतात तेव्हा एक कार्ड टाकलं नाही आणि आज पत्र लिहायला बसलोय. मी दिल्लीत एका प्रदर्शनाच्या हॉलमध्ये वायरमन आहे. काल इथं माझ्या तोंडून जे निघालं, त्यानंतर जेवण गेलेलं नाही.

एका परदेशी बाईंनी इथं अंधारी खोली मांडलीय. खाली चटई, समोर पडदे, मागं कॉम्प्युटर. माणूस चटईवर चालेल तसं पडद्यावरचं चित्र बदलतं. तो थांबला की थांबतं, मागं फिरला की उलटं जातं. बाहेर येऊन लोक म्हणतात, आत किती वेळ गेला कळलंच नाही. अण्णा, हे तर तुम्ही आपल्या मंडळात केलं होतं!

आठवतं? सिन्नरच्या कारखान्यातून सुटलात की तुम्ही थेट मंडपात यायचात आणि स्प्रिंग लावलेल्या आठ फळ्या ठोकत बसायचात. गणपतीपुढं जायची वाटच ती. शेजारी पडद्यावर रंगवलेलं गाव, त्यामागं फळ्यांना वायरींनी जोडलेले दिवे. पहिल्या फळीवर पाय दिला की गावात दुपार, मग ऊन उतरायचं, आठवीवर घरोघर दिवे. घोटीकडची एक म्हातारी चौथ्या फळीवरून हलेचना. "थांब रे बाबा, गुरं घरला येऊ दे," म्हणाली. किती हसलात तुम्ही!

पण रांग कोपऱ्याच्या पार गेली होती, आणि रांग बघायचं काम माझं. मला कुठला धीर? त्यात पोरांचे टोमणे: "बाळ्या, तुझ्या बापाच्या गावात सूर्य ढकलायला माणूस लाव." दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर असताना मी फळ्यांच्या वायरी सोडवल्या आणि दिवे आपोआप बदलणारी रोषणाईची मोटर जोडली. कुणी चालो न चालो, अर्ध्या मिनिटात दुपारची रात्र. रांग पळायला लागली.

तुम्ही आलात तेव्हा ती म्हातारी नातवंडं घेऊन पुन्हा आली होती. "अरे, म्या फळीवर पाय बी नाय दिला अन् रात झाली?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "रांग सरकते ना? मग बरं," एवढंच म्हणालात. एक थोबाडीत का नाही दिलीत? पुढच्या वर्षी तुम्ही मंडपाकडं फिरकलाच नाहीत. मी घर सोडलं. तार मिळून पोचलो तोवर तुम्हाला नेलं होतं. म्हातारीचं बोलणं मला तेव्हा कळलं.

आणि काल? चटईखालची वायर तुटली, मी बघता बघता जोडली. बाईंना नवल वाटलं. हॉलच्या साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलास? तुमचं नाव ओठावर आलं होतं. पण मी सातवी नापास, त्यात मंडपातल्या फळ्यांची गोष्ट, हसतील. म्हणालो, "कंपनीत." असा कसा मी, अण्णा?

उद्या हॉल उघडायच्या आधी साहेबांना खरं सांगणार, तुमच्या नावानिशी. फळ्या आईनं माळ्यावर जपून ठेवल्यात. यंदा गणपतीला येऊन त्या ठोकतो, वायरी जोडतो. रांगेवर मीच उभा राहीन. चौथ्या फळीवर कुणी थांबलं, तर त्याची गुरं घरी येईपर्यंत सरका म्हणणार नाही.

तुमचा उतावळा,
बाळू