फाटकावरची सात मिनिटे

हे मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, लांब पल्ल्याच्या पॅसेंजरचा निवृत्त गार्ड, वय एकाहत्तर. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसांचे तसे सांगता येत नाही. कोणाची बळजबरी नाही. अक्षर हलले आहे, त्याचा दोष म्हातारपणाला देऊ नये.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि कुरकुरणारा पलंग मुलीला. तो दुरुस्त करतो असे मी तिच्या आईला तीस वर्षे सांगत आलो. आता मुलीने बघावे.

२. मनगटी घड्याळ इंजिन शेडमधल्या फिटरला. तो घेणार नाही. त्याच्या टेबलावर ठेवून निघून यावे.

३. माझी पॅसेंजर गाडी पंचावन्न वर्षे धावते आहे. आधी कोळशाचे इंजिन आणि अकरा डबे. मग डिझेल आले, डबे नऊ झाले, आता पाच आहेत. नऊ असताना एकदा एका फाटकापाशी लोकांनी चादर हलवून गाडी थांबवली आणि बाळंतीण आत चढवली. तिथे स्टेशन नाही, बसही जात नाही. पुढच्या आठवड्यात तिथे शिक्षिका उभी होती, मग अख्खे गाव. आम्ही थांबत गेलो. सात मिनिटे जायची, आणि उशिराचे कारण मला गार्डच्या नोंदवहीत लिहावे लागायचे.

"आता कारण काय लिहिणार?" ड्रायव्हरने विचारले.

"इंजिन तापलं म्हणून लिहितो. ते काय उलटून बोलणार आहे?"

आम्ही हसलो. एकवीस वर्षे मी तेच लिहिले, नंतरच्या गार्डाने तोच कित्ता गिरवला. फिटर इंजिन उघडायचा, त्याला काही सापडायचे नाही, आणि वर बोलणी खायचा. त्याची बढती त्यातच गेली.

४. आता गाडी बंद करण्याची नोटीस निघाली आहे. कारण: इंजिन सतत नादुरुस्त, सेवा बेभरवशाची. पुरावा म्हणून माझ्याच अक्षरातली पाने जोडली आहेत. माझी ताई त्याच फाटकाजवळ राहते, आठवड्यातून दोनदा याच गाडीने डायलिसिसला जाते. गाडी गेली तर ती महिनाभरही काढणार नाही. फोनवर मलाच म्हणाली, "गाड्या काय, येतात जातात. तू नको जिवाला लावून घेऊस." तिला मी अजून काही सांगितलेले नाही. सांगवत नाही.

५. त्या नोटिशीवरची सुनावणी एकोणीस तारखेला आहे. मी तोवर टिकलो नाही तर मुलीने कलम तीन तिथे मोठ्याने वाचावे. थांबण्याची खरी कारणे लिहिलेल्या माझ्या सतरा डायऱ्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, त्या न्याव्यात. आधी सुनावणी, मग माझे काय करायचे ते करा.

६. ड्रायव्हरला काही दिलेले नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. त्याच्या नोकरीची दोन वर्षे उरली आहेत. काल कलम तीन वाचून तो कागद टाकून उठला. "तू मरून सुटशील, मी काय करू?" म्हणाला. त्याचे बरोबर आहे. पण माझ्या एकट्याच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? मी तर एकवीस वर्षे खोटे लिहिलेला माणूस. त्याची जागा मोकळी ठेवली आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार १: वकीलबाई (सही)

साक्षीदार २: ड्रायव्हर (सही), दिनांक सोळा. इंजिन एकदाही तापलं नव्हतं. एकोणीसला मी स्वतः येतोय, पोरीला एकटीला पाठवू नका.