गिरणीची मोटर आणि जर्मनीचं टेन्शन

५ सप्टेंबर
मोबाइलवर वाचलं. जगातल्या मोठमोठ्या कार कंपन्या रडकुंडीला आल्या. चिप मिळंना, चीन मॅग्नेट देईना, बॅटरी महाग. जर्मनीवाले त हात टेकून बसले. सगळ्यांची एकच चूक: गाडी उगं अवघड करून ठेवली. मी बिनचिपची इलेक्ट्रिक कार काढणार. आमच्या मस्तगड मोहल्ल्यातून. दसऱ्याला लाँच.

८ सप्टेंबर
मोटर घरातच सापडली! बायकोच्या, म्हणजे दैवशालाच्या, पिठाच्या गिरणीत. ती माहेरी भोकरदनला, म्हणून विचारता आलं न्हाई. फोन होता, पण रेंजचा काय भरवसा.

१० सप्टेंबर
शेजारच्या सोनूबाई गव्हाचा डबा घेऊन आल्या. गिरणी का बंद, विचारलं. ग्लोबल सप्लाय चेन, असं सांगितलं. त्यांनी जल्दी भोकरदनला फोन लावला. रेंज होती म्हणायची.

११ सप्टेंबर
दैवशाला फोनवर पेटली. गिरणी तिनं स्वतःच्या हिमतीवर उभी केली म्हणे. दसऱ्याला चालू गिरणीची पूजा झाली तर ठीक, न्हाई त गिरणी घेऊन ती कायमची माहेरी. मी म्हणलं, कार घेऊन मीच आणायला येतो. तिनं विचारलं, कुणाची कार? मी फोन ठेवला.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिन. सुट्टी. अशा दिवशी राबणं बराबर न्हाई.

२२ सप्टेंबर
गल्लीतल्या गॅरेजवाल्या नदीमनं वेल्डिंग मारलं. चार चाकं, त्यातली तीन एका साइजची. नदीम म्हणला, भाई, पहिले ब्रेक बिठाओ. मी म्हणलं, आधी पळू दे, मंग थांबवायचं बघू. गाडी जाग्यावर थरथरली. ताकद बिलकुल आहे.

२७ सप्टेंबर
चार फूट गेली!! उतार होता, पण उतार पण इंजिनिअरिंगच. भोकरदन साठेक किलोमीटर. त्यातले चार फूट झाले.

१ ऑक्टोबर
दैवशाला एसटीनं आली. स्टँडवर ऑटोनं आणायला गेल्तो, कार चार्जिंगला होती. घरी येऊन रिकाम्या गिरणीवर हात ठेवून उभी राह्यली. फार वाईट वाटलं. कबूल करून टाकलं: उद्या गाडी चालली न्हाई त मोटर परत.

२ ऑक्टोबर, दसरा
कारला हार, हळदकुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू. सगळी गल्ली गोळा. बटन दाबलं. मोटर बोंबलली, चाक लिंबाला टेकलं आणि थांबलं. चारदा केलं. लिंबाला ओरखडा न्हाई. नदीम धक्का मारतो म्हणला. नको म्हणलं, कंपनीची इज्जत आहे.
दैवशाला पान्हा घेऊन आली. अर्ध्या तासात मोटर गिरणीत. पहिल्या झटक्यात सुरू. सोनूबाईंचं पीठ पडलं, गिरणीला हार पडला. कारचाच होता.

३ ऑक्टोबर
दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया नंबर लावून कारमधी बसतात. चौघी आरामात मावतात. कम्फर्टमधी आपण पास.
दैवशाला राह्यली. सकाळी पोह्यावर तिनं कालचंच लिंबू पिळलं. पूजेचं लिंबू खात न्हाईत, मी म्हणलं. ती म्हणली, वापरलंच कुठंय.