सर्व्हेअरनं ठोकलेल्या दाराबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी,
वाहन विमा, दावे विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असते, मी दोनदा चढून आलेली आहे).

विषय: आपल्याच सर्व्हेअरनं आमच्या गाडीचं दार ठोकल्याबाबत, आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नसल्याबाबत.

संदर्भ: "दाराचं नुकसान जुनं आहे" असं कळवणारं आपलं पत्र.

महोदय,

१. मी पॉलिसीधारकाची आई. गाडी मुलाची, चालवते सून. सिग्नलला थांबलेल्या आमच्या गाडीला कचरागाडीनं मागून ढकललं आणि मागचा बंपर एका बाजूनं लोंबायला लागला. झालं ते एवढंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

२. बंपर बघायला आपले सर्व्हेअर घरी आले. धक्का बसला तेव्हा मी गाडीत होते, म्हणून त्यांनी मलाही विचारलं. आता कुणी पेन काढून विचारतंय म्हटल्यावर नुसतं "धक्का लागला" म्हणून कसं भागणार? मी सांगितलं, गाडी चेंडूसारखी उडाली, सिग्नलच्या खांबावरून पलीकडे गेली, वर असताना मला आमच्या गच्चीवरचं धुणं दिसलं, आणि खाली येईपर्यंत सिग्नल हिरवा झाला होता. सून म्हणाली, "आईंचं मनावर घेऊ नका, त्या अशाच सांगतात." सर्व्हेअर हसले, आणखी एक कप चहा घेतला आणि शब्दन् शब्द लिहून घेतला.

३. ते निघाले तेव्हा मी खिडकीत होते. कानाला फोन लावून, मान न वळवता त्यांनी आपली पिवळी गाडी मागे घेतली आणि आमच्या उभ्या गाडीचं ड्रायव्हरशेजारचं दार आत दाबलं. उतरले. रुमालानं पुसलं. पुसून दार सरळ होत नाही हे कळल्यावर इकडेतिकडे बघितलं, वर तेवढं बघितलं नाही, आणि गेले.

४. मी जिना उतरेपर्यंत गल्ली मोकळी. मुलाला सांगितलं, तर म्हणाला, "आई, पुरे आता. परवा गाडी उडत होती, आज सर्व्हेअरच ठोकून गेला?" आपल्याकडे तक्रार दिली, तर चौकशी दिलीत त्याच सर्व्हेअरकडे. म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, तू होतास का? त्यांनी कळवलं, नव्हतो. वर मला फोन करून म्हणतात, "आजी, तुमची उडत्या गाडीची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना फार आवडली."

५. आता बंपर आरशासारखा चमकतोय आणि दार उघडत नाही. गॅरेजवाला म्हणतो, मंजुरी आणा, मग हात लावतो. आपण म्हणाल, दुसऱ्या दारानं बसा. माझ्या नवऱ्याचा गुडघा वाकत नाही. पाय लांब सोडून ते फक्त त्याच सीटवर मावतात, आणि तेही त्याच दारानं. ड्रायव्हरच्या बाजूनं घालून बघितलं. गिअरपाशी अडकले, पुढे जाईनात की मागे येईनात. शेजाऱ्यांनी ओढून काढले. तेव्हापासून व्यायामाच्या दवाखान्याचं नाव काढत नाहीत. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर दुसरा गुडघाही धरेल. ते दिवसभर खिडकीत बसून खाली गाडीकडे बघतात. हे मी वाढवून सांगत नाहीये. वाढवावं असं त्यात काही नाहीच.

६. मी थापा मारते, मान्य. नातवंडं त्यावरच मोठी झाली. पण साहेब, आपणच सांगा, फोन, रुमाल, पिवळी गाडी, ही काय थाप झाली? मी रचली असती तर दार निखळून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं असतं आणि सर्व्हेअर त्याच्यामागे शिडी घेऊन धावले असते. इतकी रटाळ थाप मी जन्मात मारलेली नाही. ती माझ्या नावावर लावून आपण माझी उरलीसुरली अब्रूही घालवलीत.

७. तरी दार मंजूर करावं. ते जमत नसेल तर बघायला दुसरा माणूस पाठवावा. त्यानं पायी यावं.

नम्रपणा अजून थोडा शिल्लक असलेली,
पॉलिसीधारकाची आई
(सही)
दिनांक: टपालाच्या शिक्क्यावर असेल तो

सोबत:
१) आपल्या पत्राची प्रत.
२) दाराचा फोटो.
३) दारावरून खरवडलेला पिवळा रंग, पुडीत. आमची गाडी पांढरी आहे.
४) माझ्या नवऱ्याचा सहीनिशी जबाब: "जन्मभर हिच्या थापा ऐकत आलोय. ही तिची नाही. तिची असती तर शेवटी माझा गुडघा बरा झाला असता."