सुप्रियाच्या तोड्यांचं काळं

२६ एप्रिल, कळस
त्रिशूरहून गावी पोचलो. पुढच्या रविवारी साखरपुडा. लगेच सांगवीला जाऊन सुप्रियाला भेटलो. तिच्या वारलेल्या आईचे चांदीचे तोडे आहेत, तेच घालून पाटावर बसणार म्हणते. म्हणाली, तुमी चांदीच्या लाइनीतलं, तेवढं काळं नीट करून आणा. मी म्हटलं, किरकोळ काम. (त्रिशूरच्या चांदीच्या दुकानात मी काउंटरच्या काचा पुसतो. पण काचेखाली चांदीच असते.)

२७ एप्रिल
तोड्यांवर मोर, वेल आणि खाचाखाचांत काळं. शुभकार्यात काळं कशाला? राख, लिंबू, टूथपेस्ट, जुना ब्रश. दुपारपर्यंत आरसा! तिला फोटो टाकला. शेजारचा नागेश म्हणाला, आविदादा, स्टीलचं वाटत्यात. जळतो.

२८ एप्रिल
सुप्रियाचा फोन. रडत होती. आधी वाटलं, खुशीनं. तर म्हणे ते काळं म्हणजे मळ नव्हे, मुद्दाम चढवलेलं असतं, त्याच्यामुळंच मोर उठून दिसतो. जिथं उडालं होतं तिथं भरून आणायचं होतं. म्हणाली, आता मोरबी दिसंना आन् आईबी. होते तसे न्हाय झाले तर मी पाटावर बसायची न्हाय.
चूक तिची. 'काळं नीट करा' म्हणजे काय समजायचं माणसानं?
सोनाराकडं जा म्हणाली. पण बारामतीच्या सोनारापुढं उभा राहिलो, तर चांदीच्या लाइनीतल्या माणसाची इज्जत काय राहील?

३० एप्रिल
व्हिडिओ सापडला. उकडलेलं अंडं कुस्करायचं, चांदीबरोबर डब्यात कोंडायचं. अंड्याच्या वाफेनं चांदी काळी पडते. निम्म्यात डेटा संपला. मुद्दा कळला, बास. व्हिडिओवाला एक अंडं घेतो. मी डझन आणली. आई म्हणाली, माझ्या चुलीवर अंडी न्हाय चढायची, तुझा साखरपुडा आसू नाहीतर राज्याभिषेक. गोठ्यात उकडली.

१ मे
डबा उघडला. तोडे पिवळट. कावीळ झाल्यासारखे. चांगल्या कामाला वेळ लागतो. डबा उन्हात ठेवला.
म्हैस दावं तोडून पळाली. कारण दुसरं असेल.

३ मे
काळे झाले! आतून, बाहेरून, तव्यासारखे. मोर गायब, पण काळं फुल्ल. नागेश नाक धरून म्हणाला, दादा, पुढचा व्हिडिओ बघ की. वरवरचं पुसायचं आन् खाचंतलं तेवढं ठेवायचं आसतंय. मी म्हटलं, काळं मागितलं, काळं दिलं. आता पुसलं तर परत रडेल.
वासावर अत्तर मारलं. आता अंड्याला अत्तराचा वास येतो. तोडे लाल फडक्यात बांधून नागेशबरोबर सांगवीला धाडले. स्वतः गेलो नाही. नवऱ्या मुलानं सारखं सारखं गेलेलं बरं दिसत नाही.

४ मे, सकाळ
नवा शर्ट घातला. सुप्रियाचा मेसेज आला. 'तोंड काळं कर.'
'तोडे काळे' लिहायचं असणार. घाईत बोट घसरलं, अनुस्वार पडला. म्हणजे अजून काळे पाहिजेत. शिवाय 'करा' नाही, 'कर' म्हणाली. जवळीक वाढली.
अजून एक डझन आणायच्या आधी विचारून घेतलेलं बरं, म्हणून फोन लावला. तिच्या वडलांनी, मोहनरावांनी उचलला.
त्यांनी अनुस्वारासकट म्हणून दाखवलं.